टॅली, बिलिंग ॲप की एक्सेल? दुकानासाठी आणि घरासाठी सॉफ्टवेअर निवडताना काय पाहायचं?

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी संपले आणि ५ व १८ हे दोन मुख्य दर उरले. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. साबण, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर.

आता समजा, पनवेलच्या उरण नाक्यावर एक हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंटच्या गोणीची करापूर्वीची किंमत ३०० रुपये धरू. २१ तारखेला तिच्यावर ८४ रुपये कर होता, २२ तारखेला ५४ रुपये. म्हणजे गिऱ्हाइकाचं बिल ३८४ वरून ३५४ वर यायला हवं. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये जुनाच दर राहिला तर प्रत्येक गोणीमागे ३० रुपये जादा घेतले जातात. हा जादा कर दुकानदाराला खिशात ठेवता येत नाही, तो सरकारजमा करावा लागतो. आणि गिऱ्हाईक नाराज होतं ते वेगळंच.

ज्यांचं सॉफ्टवेअर वेळेवर अपडेट झालं होतं किंवा ज्यांना दर कुठे बदलायचा हे माहीत होतं, त्यांचं काम थोडक्यात झालं. बाकीच्यांनी सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला फोन लावला.

अशा वेळी प्रश्न पडतो की आपण घेतलेलं सॉफ्टवेअर बरोबर आहे का? बाजारात टॅली आहे, बिझी आहे, मार्ग आहे, झोहो बुक्स आहे, व्यापार ॲप आहे, खाताबुक आहे. शिवाय एक्सेल आणि आपली लाल वही आहेच. प्रत्येकाची जाहिरात सांगते की आमचंच सगळ्यात सोपं. मग निवडायचं कसं?

आधी काम कोणतं ते ठरवा

दुकानाचा हिशेब असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात निदान पाच वेगळी कामं असतात. उधारी लक्षात ठेवणं, बिल बनवणं, मालाचा साठा मोजणं, जीएसटीचं विवरणपत्र भरणं आणि वर्षाअखेर नफा-तोटा व ताळेबंद काढणं.

बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर यातल्या एकाच कामासाठी जन्माला आली आणि बाकीची कामं त्यांना नंतर जोडली गेली. म्हणून प्रत्येकाचा हात एका कामात चांगला आणि दुसऱ्या कामात कच्चा असतो.

खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारखी ॲप मुळात उधारीच्या वहीची जागा घ्यायला आली. गिऱ्हाइकाचं नाव, दिले-घेतले, आणि बाकी राहिली की मोबाईलवर आठवणीचा मेसेज. किराणा, दूध, इस्त्री, भाजी अशा रोजच्या उधारीच्या धंद्याला एवढं पुरतं.

व्यापार ॲपसारखी साधनं बिल आणि साठा यांच्यासाठी आहेत. मोबाईलवर बिल बनवायचं, व्हॉट्सॲपवर पाठवायचं, किती माल उरला ते पाहायचं. हिशेबाचं शिक्षण नसलेल्या माणसालाही ती जमतात.

टॅलीची गोष्ट वेगळी. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ मध्ये ही कंपनी सुरू केली. हे सॉफ्टवेअर दुहेरी नोंद पद्धतीवर, म्हणजे जमा-नावे या पायावर उभं आहे. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद ही त्याची खरी ताकद. २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली. बिझी हे याच पठडीतलं सॉफ्टवेअर. मार्ग औषधांच्या व्यवसायात जास्त दिसतं, कारण तिथे बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख सांभाळावी लागते.

झोहो बुक्स हे ब्राउझरमध्ये चालतं. चेन्नईच्या झोहो कंपनीचं हे उत्पादन. मालक खारघरला, गोदाम तळोज्याला आणि अकाउंटंट घरून काम करणारा असेल, तर तिघांना एकच हिशेब एकाच वेळी दिसणं ही त्याची सोय.

कायदा तुमच्याकडून काय मागतो?

सॉफ्टवेअर किती मोठं हवं, हे बऱ्याच अंशी उलाढालीवर ठरतं. महाराष्ट्रातले आकडे असे आहेत.

- फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल विकत असाल तर ही सूट धरू नका.
- माल विकणाऱ्यांना १.५ कोटींपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते. यात गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार आहे का, ते पाहा.
- नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर ४ अंकी आणि त्यापुढे ६ अंकी एचएसएन कोड लागतो.
- २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. म्हणजे दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्यावर क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या गाळ्याला शेवटचा नियम लागू होणं नवलाचं नाही. पण टपाल नाक्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानाला त्याची गरज पडण्याची शक्यता कमी. त्या दुकानदाराने ई-इन्व्हॉइसची सोय आहे म्हणून महागडी योजना घेतली, तर ते पैसे वायाच गेले.

आणखी एक नियम आहे, ज्याकडे सॉफ्टवेअर घेताना सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये फाडलेलं बिल डिसेंबर २०३० अखेरपर्यंत दाखवता आलं पाहिजे. जवळपास पावणेआठ वर्षं. तुमच्या मोबाईलमधलं ॲप तेवढी वर्षं टिकेल का? की त्याआधीच बंद पडेल?

कंपनीच निघून गेली तर?

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेची इंट्युइट ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली जगातली मोठी कंपनी. तिचं क्विकबुक्स भारतातही विकलं जात होतं. २०२३ मध्ये कंपनीने भारतातली ही सेवा बंद केली. ग्राहकांना आपला हिशेब उतरवून घ्यायला मुदत मिळाली, पण नवीन सॉफ्टवेअर शोधणं, त्यात जुने आकडे बसवणं आणि माणसांना पुन्हा शिकवणं हे सगळं त्यांच्याच गळ्यात आलं.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. गूगलवर आपल्या दुकानाची नोंद करणाऱ्यांना गूगल एक मोफत छोटी वेबसाइट बनवून देत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. काही महिने जुना पत्ता दुकानाच्या गूगल नोंदीकडे वळवला जात होता, जूनमध्ये तेही थांबलं. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला होता, त्यांची कार्डं रद्दी झाली.

दोन्ही कंपन्या मोठ्या होत्या आणि दोघींनीही आधी सूचना दिली होती. तरीही त्रास व्हायचा तो झालाच. एखाद्या नव्या, छोट्या कंपनीचं ॲप असेल तर सूचना मिळेलच, याची खात्री नाही.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: उद्या हे सोडायचं ठरलं, तर माझा हिशेब मला बाहेर काढता येईल का?

बॅकअप आणि एक्स्पोर्ट यांत फरक आहे

हा प्रश्न विक्रेत्याला विचारला की तो म्हणतो, "बॅकअपची सोय आहे ना!" इथेच गडबड होते.

बॅकअप म्हणजे त्याच सॉफ्टवेअरसाठी ठेवलेली प्रत. कॉम्प्युटर बिघडला, मोबाईल हरवला, तर नव्या यंत्रावर तेच सॉफ्टवेअर टाकून ती प्रत उघडता येते. पण ते सॉफ्टवेअरच नसेल, तर सहसा ती फाइल दुसऱ्या कशातच उघडत नाही.

एक्स्पोर्ट म्हणजे तुमची माहिती सगळ्यांना वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढणं. एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ, एक्सएमएल ही अशी स्वरूपं आहेत. यातही तारतम्य हवं. पीडीएफ माणसाला वाचता येतं, पण त्यातले आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहज भरता येत नाहीत. एक्सेल किंवा सीएसव्ही असेल तर येतात.

टॅलीमधून अहवाल आणि नोंदी एक्सेल व एक्सएमएल स्वरूपात काढता येतात. झोहो बुक्समधून सीएसव्ही आणि एक्सेलमध्ये काढता येतात. मोबाईल ॲपमध्ये मात्र ही सोय कोणत्या योजनेत आहे, ते नीट पाहा. मोफत योजनेत बिल बनवता येतं, पण सगळी बिलं एकत्र बाहेर काढायची तर पैसे भरा, असं असू शकतं.

ही अडचण टाळता येते हे आपण रोज पाहतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयकडे पाहा. दुकानात क्यूआर कोड एका कंपनीचा, गिऱ्हाइकाचं ॲप दुसऱ्या कंपनीचं आणि दोघांची खाती वेगळ्याच बँकांत असतात. तरी पैसे जातात, कारण सगळ्यांनी एकच नियमावली पाळायची असं एनपीसीआयने ठरवून दिलं आहे. उद्या ॲप बदललं तरी बँकेतले पैसे जागेवर राहतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा समान नियम नाही. त्यामुळे काळजी आपली आपणच घ्यायची.

मराठी माणसाने हा फटका आधीच खाल्ला आहे

कुणाला वाटेल की हे फार पुढचं बोलणं झालं. पण मराठीत कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी हा अनुभव वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच घेतला आहे.

नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका यांचं मराठी टायपिंग श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये होत असे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत घरोघरी होतं असं म्हटलं तरी चालेल. या फॉन्टची एक गंमत होती. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचेच क्रमांक साठवलेले असत. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवत असे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट कॉम्प्युटरवर असेपर्यंत मजकूर मराठी दिसायचा. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा.

यावर उपाय होता युनिकोड. यात प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि विंडोज २००० पासून कॉम्प्युटरवर देवनागरी युनिकोडची सोय मिळाली. तरीही छपाईचं काम बरीच वर्षं जुन्या फॉन्टवर अडून राहिलं. कारण डीटीपीवाले वापरत होते ते पेजमेकर. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ च्या सुमाराची आणि तिला देवनागरी युनिकोड झेपत नव्हतं.

परिणाम काय झाला? कित्येक संस्थांच्या जुन्या स्मरणिका, घटना, सभासदांच्या याद्या अशा फाइलींमध्ये अडकल्या. फाइल आहे पण वाचता येत नाही. फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार बऱ्याचदा चुकतात, मग पुन्हा माणूस बसवून तपासावं लागतं.

त्यामुळे आजही मराठीत बिल, पावती किंवा यादी करणार असाल तर एक छोटी परीक्षा घ्या. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड आहे. अगम्य खुणा आल्या तर तो मजकूर उद्या अडकणार.

घरात आणि ऑफिसात: वर्ड, गूगल डॉक्स की लिबरऑफिस?

दुकानाबाहेरही हाच विचार लागू होतो. अर्ज, बायोडेटा, प्रोजेक्ट, घरखर्चाचा तक्ता यासाठी तीन मुख्य वाटा आहेत.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस सगळ्यात जास्त चालतं. सरकारी कार्यालय, कॉलेज, कंपनी सगळीकडे वर्ड आणि एक्सेलच्याच फाइली मागतात. आता ते प्रामुख्याने वार्षिक वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की फाइल वाचता येते, पण त्यात बदल करता येत नाहीत.

गूगल डॉक्स आणि शीट्स घरगुती वापरासाठी मोफत. एकाच फाइलवर चौघांनी काम करायचं तर याच्याइतकं सोपं काही नाही. पण १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. लग्नाचे व्हिडिओ चढवले की ती भरते, आणि भरली की नवीन मेल येणंही थांबतं.

लिबरऑफिस पूर्ण मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते सुरू झालं. इंटरनेटशिवाय चालतं, मराठी युनिकोड नीट चालतं आणि वर्डच्या फाइलीही उघडतं. गुंतागुंतीची मांडणी असलेली वर्ड फाइल मात्र त्यात थोडी हलते. कॉलेजला किंवा कार्यालयात द्यायची फाइल शेवटी पीडीएफ करून दिली की हा त्रास संपतो.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नसेल, तर लिनक्स आणि लिबरऑफिस टाकून लिहिण्या-वाचण्याच्या कामासाठी तो आणखी काही वर्षं वापरता येतो. टॅलीप्राइम मात्र विंडोजसाठी बनवलेलं आहे, त्यामुळे दुकानाच्या कॉम्प्युटरबाबत हा निर्णय घेण्याआधी थांबा.

एक्सेलबद्दलही एक इशारा. ते उत्तम कॅल्क्युलेटर आहे, पण हिशेबाची वही म्हणून कच्चं आहे. कुणी कोणता आकडा कधी बदलला, हे साध्या एक्सेल फाइलमध्ये कळत नाही. आणि मर्यादा विसरल्या तर मोठमोठ्यांची फजिती होते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटले, कारण जुन्या एक्सेल स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. दिवसाला वीस-पंचवीस बिलं असतील तर एक्सेल चालेल. त्यापुढे गेलात की बिलिंगचं साधन घ्या.

सोसायटीच्या ॲपचं काय?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले भाग तिच्यात आले. इथे माणूस राहतो तो बहुतेक हाउसिंग सोसायटीत. त्यामुळे मेंटेनन्सची बिलं आणि गेटवरच्या नोंदी यासाठी मायगेट, नोब्रोकरहूड, अड्डा अशी ॲप इथे घरोघरी पोहोचली आहेत.

सोसायटीला दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे हिशेब. दरवर्षी ऑडिट करावं लागतं आणि सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि एखाद्या सभासदाचा मेंटेनन्स महिना ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर त्यावर जीएसटी लागतो. ॲपला हा हिशेब येतो का, ते ऑडिटरला विचारून ठरवा.

दुसरं काम गेटचं. कोण आलं, कुणाकडे आलं, गाडीचा नंबर काय, कामाच्या मावशी किती वाजता आल्या, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायद्याची वाट न पाहता सर्वसाधारण सभेत तीन गोष्टी विचारता येतात. ही माहिती किती दिवस ठेवली जाते? ती काढून टाकायला सांगता येतं का? आणि करार संपला की सोसायटीचा जुना हिशेब एक्सेलमध्ये मिळेल का?

कमिटीची मुदत ५ वर्षांची असते. जुन्या सेक्रेटरींच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवर ॲपचं मुख्य खातं असेल आणि नव्या कमिटीशी त्यांचं पटत नसेल, तर काय होतं हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको.

खातं कुणाच्या नावावर आहे?

दुकानातही हीच चूक होते. ॲप उतरवताना ज्याच्या हातात मोबाईल असतो, त्याच्याच नंबरावर खातं उघडलं जातं. कधी भाच्याच्या, कधी पार्टटाइम अकाउंटंटच्या, कधी काउंटरवरच्या मुलाच्या. तो काम सोडून गेला की ओटीपी त्याच्या फोनवर जातो.

व्हॉट्सॲप बिझनेसचंही तसंच. ऑर्डर येतात तो नंबर धंद्याच्या मालकाच्या नावावरच असावा आणि ते सिम रिचार्ज होत राहिलं पाहिजे. खूप दिवस रिचार्ज न केलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते.

फुकट, वर्गणी की एकरकमी?

टॅलीप्राइमचा परवाना एकदा घेतला की कायमचा मिळतो. नवीन आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयींसाठी मात्र दरवर्षी टीएसएस नावाची सेवा पुन्हा घ्यावी लागते. ती नाही घेतली तर सॉफ्टवेअर चालतं, पण जुन्याच आवृत्तीवर. झोहो बुक्स आणि बहुतेक बिलिंग ॲप वर्गणीवर चालतात. म्हणून तुलना पहिल्या वर्षाच्या किमतीवर करू नका, पाच वर्षांची बेरीज मांडा. त्यात शिकवणाऱ्याचे, दुरुस्तीला येणाऱ्याचे आणि प्रिंटरचे पैसेही धरा.

वर्षाला १.५ कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये काही कंपन्यांची बिलिंग आणि हिशेबाची सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिली. पोर्टलवर विवरणपत्र भरण्याचं ऑफलाइन साधनही मोफत आहे. पैसे भरण्याआधी ते पाहून घ्या.

"क्रॅक" करून दिलेलं सॉफ्टवेअर मात्र फुकट समजू नका. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमानुसार जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा सॉफ्टवेअरला अपडेट मिळत नाही. दर बदलले की तुम्ही पुन्हा कॅल्क्युलेटरवर.

आणि एक साधी गोष्ट: तुमचा सीए काय वापरतो? पनवेलमध्ये संगणक क्लासच्या पाट्यांवर "टॅली विथ जीएसटी" दिसतं, कारण अकाउंटंटच्या नोकरीसाठी तेच मागितलं जातं. टॅली येणारा माणूस सहज मिळतो, हाही त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

घेण्याआधी एक तासाची परीक्षा

बहुतेक सॉफ्टवेअर काही दिवस मोफत वापरून पाहता येतात. त्या काळात डेमो पाहत बसण्यापेक्षा एवढं करा.

१. स्वतःच्या दुकानातली खरी दहा बिलं त्यात बनवा. एक उधारीचं, एक माल परत आल्याचं आणि एक सवलतीचं त्यात असू द्या.
२. एका वस्तूचा कराचा दर बदलून पाहा. जुनी बिलं तशीच राहिली पाहिजेत, नवीन बिलाला नवा दर लागला पाहिजे.
३. इंटरनेट बंद करून बिल बनतंय का ते पाहा.
४. गिऱ्हाइकाचं नाव आणि वस्तू मराठीत लिहा, छापा, आणि कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा.
५. सगळी बिलं एक्सेलमध्ये काढा आणि ती फाइल तुमच्या सीएला पाठवा. त्याला ती वापरता आली, तरच पुढे जा.

पाचवी पायरी जमली नाही, तर बाकीच्या चार कितीही छान जमल्या तरी ते सॉफ्टवेअर घेऊ नका.

मग कुणी काय घ्यावं?

- रोजची उधारी, नोंदणी नाही: उधारीचं ॲप किंवा वही. महिन्यातून एकदा यादी बाहेर काढून ठेवा.
- छोटं दुकान, जीएसटी नोंदणी आहे: बिलिंग ॲप किंवा जीएसटी नेटवर्कचं मोफत सॉफ्टवेअर, सीएच्या सल्ल्याने.
- साठा मोठा, कामाला माणसं, बँकेचं कर्ज: टॅली किंवा बिझी. औषधांचा धंदा असेल तर मार्गही पाहा.
- दोन-तीन ठिकाणांहून काम: झोहो बुक्ससारखं ऑनलाइन सॉफ्टवेअर.
- प्रायव्हेट लिमिटेड कंपनी: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, म्हणजे ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. हे आधी तपासा.
- घर आणि विद्यार्थी: लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स. समोरच्याने वर्डच मागितलं तरच वर्ड.

जे काही घ्याल, त्यातून दर तीन महिन्यांनी सगळा हिशेब एक्सेलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी ठेवा. पुढच्या वेळी दर बदलले, कंपनी गेली किंवा अकाउंटंट गेला, तरी निदान कुणाकडून किती येणं आहे हे तुमच्या हातात असेल.